कृष्णा-कोयनाकाठचे दिनविशेष : लेखकाची मासिक नोंद आणि प्रकाशनवार्ता

लेखकाचे मासिक दिनविशेष म्हणजे येत्या महिन्यातल्या जयंत्या, पुण्यतिथ्या आणि ग्रंथांचे व संस्थांचे स्मरणदिन यांची वाचकांसाठी केलेली मांडणी. बहुधा एका पानाच्या पत्रकात ती मावते. पत्रकाच्या शेवटी लेखक स्वतःच्या नव्या पुस्तकाची, नव्या आवृत्तीची किंवा एखाद्या अंकात आलेल्या लेखाची वार्ता देतो. पहिला भाग पूर्वसूरींचा असतो आणि दुसरा लेखकाचा स्वतःचा, तरी दोन्ही भागांना शिस्त एकच लागते. नोंद खरी असावी, ती कोणत्या गावाशी आणि कोणत्या कृतीशी जोडलेली आहे ते स्पष्ट असावे आणि ती वाचून कोणाला तरी पुस्तक हाती घ्यावेसे वाटावे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतल्या साहित्यिक तारखा या कसोटीवर लावून पाहिल्या, तर वर्षाचा एकही महिना रिकामा जात नाही.

१. परंपरा

मराठी घरात दिवसाचे महत्त्व सांगण्याचे काम पूर्वी पंचांगाकडे होते. गुढीपाडव्याला वर्षफळ वाचले जाई आणि पुढचे बारा महिने सण, व्रते व पुण्यतिथ्या त्यावरून पाळल्या जात. छापील दिनदर्शिका आल्यावर हेच काम भिंतीवर आले. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केले. त्यात पुढच्या बाजूला तिथी, वार आणि सण होते, तर महिन्याच्या पानामागे नामवंत लेखकांचे लेख. त्यामुळे एरवी मासिक विकत न घेणाऱ्या घरातही पंचांगासोबत साहित्य पोहोचले. वर्तमानपत्रांची दिनविशेषाची चौकट आणि शाळेच्या परिपाठात सुविचाराशेजारी फळ्यावर लिहिला जाणारा ‘आजचा दिनविशेष’ हीदेखील याच परंपरेची रूपे आहेत.

लेखक दिनविशेष लिहितो तेव्हा या परंपरेत निवडीची भर पडते. दिनदर्शिकेला सर्वांसाठी सर्व काही द्यावे लागते. लेखक मात्र आपल्या वाचनातून, आपल्या मुलखातून आणि आपल्या विषयातून तारखा निवडतो, आणि म्हणूनच त्या निवडीची जबाबदारीही त्याच्यावर येते.

२. तिथी आणि तारीख

महाराष्ट्रात एकाच घटनेचे स्मरण दोन कालगणनांनी होऊ शकते. समर्थ रामदासांनी शके १६०३ मध्ये माघ वद्य नवमीला सज्जनगडावर देह ठेवला. तो दिवस दासनवमी म्हणून तिथीनेच पाळला जातो आणि इंग्रजी महिन्यात त्याची जागा दरवर्षी बदलते. अशा नोंदीला पक्की इंग्रजी तारीख चिकटवणे चूक आहे. पत्रकात त्या वर्षापुरती तारीख देऊन शेजारी तिथी लिहावी.

ज्या घटनांची तिथी आणि तारीख दोन्ही अर्थपूर्ण आहेत, त्यांना अधिक काळजी लागते. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून प्रथम प्रसारित झाले ते १ एप्रिल १९५५ रोजी, आणि त्या दिवशी रामनवमी होती. त्यानंतर वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे सुधीर फडके यांच्या संगीतात एकूण ५६ गीते प्रसारित झाली. रामनवमीला या कृतीचे स्मरण केले तर ती रामकथेच्या परंपरेत दिसते. १ एप्रिलला केले तर नभोवाणीच्या आणि भावसंगीताच्या इतिहासात दिसते. रयत शिक्षण संस्थेचेही तसेच आहे. कऱ्हाडजवळच्या काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ती स्थापन केली तो दिवस ४ ऑक्टोबर १९१९ हा होता, आणि तोच त्या वर्षीचा विजयादशमीचा दिवस होता.

तारखेचा आणखी एक पेच थेट कोयना धरणाजवळच्या कोयनानगरचा आहे. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे त्यात दगावली आणि हजारो घरे पडली. जगभरच्या भूकंपसूचींत मात्र हीच घटना १० डिसेंबरखाली सापडते, कारण त्या सूची जागतिक प्रमाणवेळेने लिहिल्या जातात आणि ती वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे तिथे आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे होतात. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. ज्यांच्यावर घर कोसळले त्यांची तारीख ११ असल्यामुळे स्मरणाच्या पत्रकात ११ डिसेंबरच यायला हवी. दिनविशेष लिहिणाऱ्याने तारीख कोणाच्या घड्याळातली आहे हेही पाहावे लागते, ते यासाठी.

३. बारा महिने

जानेवारीची सुरुवात सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीने होते. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे झाला. आद्य शिक्षिका म्हणून त्यांचे स्मरण सर्वत्र होते. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहाच्या कवयित्री म्हणूनही ते व्हायला हवे. ६ जानेवारी हा बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा दिवस, त्याचा पहिला अंक १८३२ मध्ये याच तारखेला निघाला. मकरसंक्रांतीला सांगली जिल्ह्यातील औदुंबर येथे, कृष्णेच्या काठी, सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन भरते. १९३९ मध्ये सुरू झालेल्या या मंडळामागे काव्यतीर्थ सुधांशु यांची दीर्घ निष्ठा होती. मोठ्या शहराचा आधार नसताना एका लहान गावाने आपला साहित्यिक दिवस ठरवला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळला, याचे याहून चांगले उदाहरण या भागात नाही.

माघातल्या दासनवमीच्या आसपास फेब्रुवारीत २७ तारखेला कुसुमाग्रजांची जयंती मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरी होते. मार्चमध्ये पाटण तालुक्याचा स्वतःचा दिवस येतो. कवी यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, यांचा जन्म ९ मार्च १८९९ रोजी चाफळ येथे झाला. १९५० च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चाफळचे नाव समर्थांच्या राममंदिरासाठी घेतले जाते, त्याच नावाशेजारी एका आधुनिक कवीची नोंद आली की गावाची ओळख भरते. १२ मार्च हा यशवंतराव चव्हाण यांचा जन्मदिन. १९१३ मध्ये ते देवराष्ट्रे येथे जन्मले. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राचे लेखक म्हणून त्यांचे स्थान आहेच, पण राज्याच्या आरंभीच साहित्य संस्कृती मंडळ उभे करणारा राज्यकर्ता म्हणूनही साहित्याच्या पत्रकात ते येतात. २० मार्च ही बा. सी. मर्ढेकरांची पुण्यतिथी (१९५६). त्यांचा जन्म खानदेशात फैजपूरला झाला, पण घराण्याचे गाव सातारा जिल्ह्यातले मर्ढे.

एप्रिलमध्ये ‘गीतरामायणा’पाठोपाठ ११ तारखेला महात्मा फुले यांची जयंती येते. त्यांच्या घराण्याचे मूळ खटाव तालुक्यातील कटगुण या गावी आहे. मे महिन्यात १ तारखेला महाराष्ट्र दिन, ४ तारखेला भिलारच्या ‘पुस्तकांचे गाव’ या उपक्रमाचा प्रारंभदिन (२०१७) आणि २७ तारखेला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची पुण्यतिथी (१९९४) येते. तर्कतीर्थ धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे, पण वाईच्या प्राज्ञपाठशाळेने त्यांना घडवले आणि त्यांनी वाईला मराठी विश्वकोशाचे केंद्र बनवले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

जून-जुलैत आगरकरांचा महिना जुळतो. पुण्यतिथी १७ जूनला (१८९५) आणि जयंती १४ जुलैला (१८५६). जन्मगाव कऱ्हाडजवळचे टेंभू. शाळा उघडतात त्या दिवसांत ‘केसरी’च्या पहिल्या संपादकाचे आणि ‘सुधारक’च्या संस्थापकाचे निबंध वाचायला चार आठवडे मिळतात. आटपाडीचे शंकरराव खरात ११ जुलै १९२१ चे. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचे आत्मकथन, आणि १९८४ च्या जळगाव संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

अण्णाभाऊ साठे यांच्या दोन तारखा एकमेकींच्या अगदी जवळ आहेत. पुण्यतिथी १८ जुलैला (१९६९), जयंती १ ऑगस्टला (१९२०). वाळवा तालुक्यातील वाटेगावात जन्मलेल्या आणि जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या या लेखकाची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये आली आणि राज्य शासनाच्या पुरस्काराची मानकरी ठरली. या दोन तारखांमधला पंधरवडा ‘फकिरा’ वाचून संपवायला पुरेसा असतो. जयंतीच्या मिरवणुकीआधी गावोगाव हे वाचन झाले, तर मिरवणुकीतल्या फोटोला मजकूरही मिळेल. ऑगस्टच्या २० तारखेला साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा स्मृतिदिन असतो. २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली तेव्हा ते ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते.

सप्टेंबरमध्ये २ तारखेला वि. स. खांडेकरांची पुण्यतिथी (१९७६) आणि २२ तारखेला कर्मवीर जयंती. खांडेकर सांगलीत जन्मले. ‘ययाति’साठी त्यांना लाभलेला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार हा मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १९१९ सालचे दोन प्रारंभ शेजारी येतात. १ ऑक्टोबरला आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे ग. दि. माडगूळकर जन्मले आणि तीन दिवसांनी काले येथे रयत शिक्षण संस्था जन्मली. माणदेशाच्या बोलीतला कवी आणि खेड्यातल्या मुलांच्या हाती पुस्तक देणारी संस्था एकाच आठवड्यातली आहेत. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्याची तारीख (२०२४) येते. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन.

नोव्हेंबर सांगलीचा आणि रंगभूमीचा. विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानाचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. तो दिवस मराठी रंगभूमी दिन झाला आणि विष्णुदास भावे गौरव पदक सांगलीत याच दिवशी दिले जाते. १३ तारखेला हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५) आणि २५ तारखेला सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२) यांची जयंती. देवलांचे ‘संगीत शारदा’ आणि खाडिलकरांचे ‘कीचकवध’ ही दोन नाटके दोन प्रकारे समाजाला भिडली. पहिल्याने बाला-जरठ विवाहाची रूढी उघडी पाडली, तर दुसऱ्यावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली. २५ नोव्हेंबर ही यशवंतराव चव्हाणांचीही पुण्यतिथी (१९८४). डिसेंबरमध्ये १ तारखेला मर्ढेकरांची जयंती (१९०९), ११ तारखेला भूकंपाचा स्मृतिदिन आणि १४ तारखेला ग. दि. माडगूळकरांची पुण्यतिथी (१९७७) असा क्रम लागतो.

एका तारखेला न बांधता वर्षाच्या क्रमाने लावण्याच्या नोंदींत साहित्य संमेलने येतात. अखिल भारतीय संमेलन साताऱ्यात १९०५, १९६२, १९९३ आणि २०२६ मध्ये, सांगलीत १९४३ आणि २००८ मध्ये, तर कऱ्हाडला १९७५ आणि २००३ मध्ये भरले. १९७५ चे कऱ्हाडचे संमेलन आणीबाणीच्या काळातले. अध्यक्ष दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते. केंद्रीय मंत्री समोर असताना दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी जाहीर प्रार्थना केली. २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर सांगलीच्याच रहिवासी.

४. तारखेची पडताळणी

दिनविशेषातली चूक फार लवकर पसरते, कारण एक पत्रक दुसऱ्यावरून उतरवले जाते. वि. स. खांडेकरांच्या जन्माची तारीख काही ठिकाणी ११ जानेवारी १८९८, तर काही ठिकाणी १९ जानेवारी १८९८ अशी छापली जाते. अशा वेळी एक तारीख मनाने निवडू नये. ‘जानेवारी १८९८’ एवढे लिहिले तरी नोंद खरी राहते, आणि मतभेद नसलेली २ सप्टेंबरची पुण्यतिथी पाळता येते.

चुकांची काही कारणे नेहमीची आहेत. ग्रामीण भागात शाळेत नाव घालताना वय अंदाजाने धरून १ जून ही जन्मतारीख लिहिण्याचा प्रघात होता. दाखल्यावरची ती तारीख पुढे चरित्रात जाते. तिथीवरून इंग्रजी तारीख काढताना वद्य आणि शुद्ध यांची, किंवा शके आणि इसवी सन यांच्यातल्या ७८-७९ वर्षांच्या फरकाची गफलत होते. जानेवारी ते मार्च या महिन्यांत शकाला ७९ मिळवावे लागतात, हे विसरल्याने एका वर्षाची चूक राहते. पुस्तकांच्या बाबतीत लेखनाचे वर्ष, अंकातल्या प्रसिद्धीचे वर्ष आणि ग्रंथाचे वर्ष एकमेकांत मिसळतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आधी ‘मौज’च्या दिवाळी अंकात आली आणि १९५५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ‘गीतरामायण’ तर वाचण्याआधी ऐकले गेले. प्रत्येक नोंदीत कोणती तारीख धरली हे सांगितले की गोंधळ मिटतो.

पडताळणीची साधने मराठीत आहेत. विश्वकोशातील चरित्रनोंद सुरुवातीलाच कंसात जन्म-मृत्यूच्या तारखा देते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद आहे. दोन स्वतंत्र साधनांत तारीख जुळली, तरच ती पत्रकात घ्यावी. कोणाचे वंशज गावात असतील तर त्यांच्याकडची वही, पत्र किंवा मृत्युनोंद पाहावी.

५. प्रकाशनवार्ता

स्वतःच्या पुस्तकाची बातमी देण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मराठी पुस्तक वाचकापर्यंत पोहोचण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. तालुक्याच्या गावातही पुस्तकांचे स्वतंत्र दुकान क्वचितच सापडते, आणि लेखकानेच सांगितले नाही तर पुस्तक निघाल्याचे वाचकाला कळतही नाही. केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ हे मासिक सुरू केले ते पुस्तके, लेखक आणि वाचक यांना एकत्र आणण्यासाठीच. नव्या पुस्तकांच्या आणि लेखकांच्या बातम्या हा वाचनीय मजकूर असू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

मराठी प्रकाशनाला स्वतःचे ऋतू आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता आणि लेख यांचा मोठा हंगाम दिवाळीचा ठरला. ग्रंथ प्रकाशित होतात ते बहुधा पाडवा, दसरा, संमेलन किंवा एखाद्या लेखकाची जयंती पाहून. पुस्तकाचा विषय आणि निवडलेला दिवस यांचा खरा संबंध असेल तर दोघांनाही लाभ होतो. लोकनाट्यावरचा ग्रंथ १ ऑगस्टला, अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीदिवशी, वाटेगावच्या परिसरात प्रकाशित झाला, तर त्याला वाचक आपोआप मिळतो.

वार्तेत काय असावे हेही ठरलेले असावे. पुस्तकाचे नाव, साहित्यप्रकार, प्रकाशक, आवृत्तीचा क्रमांक, महिना व वर्ष, पृष्ठे, किंमत आणि पुस्तक मिळण्याचे ठिकाण, एवढे पुरते. नवी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक पाळावा. मजकुरात भर किंवा दुरुस्ती असेल तरच ‘नवी आवृत्ती’ म्हणावे. प्रकाशन समारंभाची तारीख आणि पुस्तकाच्या मुद्रणपृष्ठावरची तारीख वेगळी असेल, तर पुढच्या अभ्यासकांसाठी मुद्रणपृष्ठावरची तारीखच द्यावी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने द्यायची असते. प्रती गेल्या की नाही हे लेखकाने विचारून घ्यावे, कारण शंभर वर्षांनी पुस्तकाचा दाखला मिळेल तो तिथेच. लेखाची वार्ता देताना अंकाचे नाव, महिना आणि पृष्ठक्रमांक द्यावा. स्वतःच्या पुस्तकाविषयी विशेषणे टाळावीत आणि विषय दोन वाक्यांत सांगावा.

६. कोयनानगरचे पत्रक

कोयनानगर हे कोयना धरणाच्या कामातून वाढलेले गाव आहे. प्रकल्पावर कामाला आलेली माणसे महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आली. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरली. त्यांच्या ग्रामदैवतांच्या यात्रांच्या, भजनी मंडळांच्या आणि उरुसांच्या तारखा दिनदर्शिकेत कुठेही नाहीत. राज्यपातळीवरच्या याद्यांत चाफळ, टेंभू, मर्ढे ही गावे नावापुरती तरी येतात. बुडालेल्या गावांचे दिनविशेष मात्र त्या गावांची माणसे सांगतील तेवढेच उरतात. इथल्या लेखकाच्या मासिक पत्रकाचे सर्वांत मोलाचे काम या तारखा टिपण्याचे आहे. कोणत्या गावाची यात्रा कोणत्या तिथीला भरे, पालखी कोणत्या वाटेने जाई, ती आता कुठे भरते आणि हे कोणी सांगितले, एवढी माहिती सांगणाऱ्याच्या संमतीने नोंदली तरी पुरे. ११ डिसेंबरच्या नोंदीतही भूकंपाच्या आकड्यांसोबत त्या पहाटेच्या आठवणी जिवंत माणसांकडून लिहून घ्याव्यात.

पत्रकाचे चार भाग सोयीचे ठरतात. पहिल्या भागात पाटण तालुका आणि कोयना खोरे, दुसऱ्यात सातारा व सांगली, तिसऱ्यात मराठी व भारतीय साहित्य, आणि चौथ्यात प्रकाशनवार्ता. प्रत्येक भागात तीन-चार नोंदी पुरेत. प्रत्येक नोंदीत व्यक्ती, गाव, तारीख आणि वाचण्यासाठी एक पुस्तक असावे. पत्रक महिना सुरू होण्याआधी निघावे, म्हणजे शाळेला परिपाठाची आणि ग्रंथालयाला पुस्तकांच्या मांडणीची तयारी करता येते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, म्हणजे भूकंपाच्याच वर्षाचा. त्याच्या आधारे गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळते आणि पत्रक लावायला फलकही मिळतो. फलकावर जयंतीची नोंद आणि खाली टेबलावर त्या लेखकाचे पुस्तक, अशी मांडणी असली की वाचक पुस्तक घेऊनच जातो.

वर्षअखेरीस बारा पत्रके एकत्र बांधून व्यक्ती, गाव आणि ग्रंथ अशा तीन सूची जोडाव्यात. सापडलेल्या चुकांची दुरुस्ती त्याच बांधणीत पहिल्या पानावर द्यावी. एक प्रत गावच्या ग्रंथालयात, एक शाळेत आणि एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवावी. पुढच्या वर्षीचे पत्रक नव्याने सुरू न करता या बांधणीवरून तपासत लिहावे. असे केल्याने दरवर्षी काही नवी गावे, काही नवे लेखक आणि लेखकाची स्वतःची पुस्तकेही त्याच क्रमात योग्य तारखेखाली नोंदली जातात.